आठ दिवसांनी या

पत्रक मी मेसच्या टेबलावर बसून लिहिलं होतं आणि त्याचा मथळा मला अजूनही आवडतो: 'आम्ही विद्यार्थी आहोत, कॅम्पची शोभा नाही!' आमचं डेंटल कॉलेज नगर जिल्ह्यातलं. शेवटच्या वर्षी, इंटर्नशिपमध्ये, आम्हाला खेड्यापाड्यांत कामाला पाठवतात. हे शिक्षण आहे की कॉलेजची फुकटची जाहिरात, असा माझा सरळ सवाल होता. गाडीला बांधायचा बॅनर धरायला दोघं लागतात आणि हत्यारं निर्जंतुक करायचा डबा एका हातात मावतो. पाहुणे येणार असले की आम्ही धुतलेले ॲप्रन घालून रांगेत उभे. पाहुणे गेले की शाळेच्या फाटकाबाहेर गेलेली माणसांची रांग आणि त्या सगळ्यांसाठी एकच उपचार: उपटणे. कॉलेजच्या खुर्चीत बसलेल्याची दाढ वाचवायची आणि खेड्यातल्याची काढायची, हा कुठला न्याय? जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, कॅम्प होता तसाच राहिला. असं बरंच होतं त्यात.

खेड्यातलं काम बघणाऱ्या सरांनी ते उभ्याउभ्या वाचलं.

"मुद्दे बरोबर आहेत," ते म्हणाले.

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. समोरच्यानं असं एकदम मान्य केलं की काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"आता हेच जामखेडला येऊन बोल. गाडी सकाळी निघते. चादर स्वतःची आण."

बॅचमध्ये माझ्या बाजूनं बरेच होते, पण कारणं ऐकली की लाज वाटायची. एकाला तिथे नेटवर्क नसतं म्हणून जायचं नव्हतं. दुसरा आनंदानं निघाला होता, कारण इंटर्नशिपच्या वहीत ठरावीक दात काढल्याच्या नोंदी लागतात आणि कॅम्पात ते एका दिवसात होतात. "कोटा पूर्ण, विषय संपला," तो म्हणायचा. आणि माझी रूममेट! संगमनेरची, घरचा दुधाचा मोठा धंदा. तोंड बंद ठेवणं तिला ठाऊकच नव्हतं. "मला नाशिक-पुणे रोडला क्लिनिक टाकायचंय, काचेचं," ती गाडीत चढता चढता म्हणाली. "तिथे मिसरी लावणाऱ्या बायका येणार नाहीत. मग मी हे शिकू कशाला?" सामानात तिची क्रीमची बाटली माझ्या चादरीपेक्षा जड होती. मी तिला वर्गशत्रू म्हणायचे. ती मला 'माईक' म्हणायची.

दसरा होऊन गेला होता. जामखेडच्या पूर्वेला एका गावात शाळेच्या आवारात आमची गाडी लागली. गाडी म्हणजे मोठी बंद व्हॅन. आत उपचाराची एक खुर्ची, डोक्यावर दिवा, जनरेटरचा खडखडाट. बाहेर बायकांची रांग. बहुतेकींच्या हिरड्या मिसरीनं काळ्या पडलेल्या.

"मावशी, मिसरी सोडा," रूममेट पहिल्याच बाईला म्हणाली.

"सोडते की. मग सकाळी उठवायला तू येतीस का?"

रांग हसली. रूममेटनं हातमोजे चढवले.

पण खरा धक्का पुढे होता. तिसरी की चौथी बाई खुर्चीत बसली.

"कुठली दाढ दुखते?"

"दुखत न्हाई."

"मग?"

"काढून टाका. ही एक आन ही एक."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. पुढची आली, तीही तसंच म्हणाली. तिच्यामागची पण. शेवटी मिसरीवरून बोललेली मावशीच पायरीवर बसून आम्हाला समजावायला लागली, जसं काही आम्ही परदेशातून आलोय.

"आमी दिवाळीच्या टायमाला ऊसतोडीला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. बायकू दुखण्यानं निजली की कोयता मोडला. मग मुकादम आईबापाचा उद्धार करतो. तिकडं दाढ सुजली तर दावायची कुनाला? त्यापरीस हितंच काढून टाकायची. निवांत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. या बायका पुढचे पाच महिने आजारी पडायची परवानगी नाही म्हणून स्वतःच्या तोंडातले धडधाकट अवयव काढून द्यायला रांगेत उभ्या होत्या, आणि हे त्यांना पिशवी भरण्याइतकं साधं वाटत होतं. हंगामाची तयारी: भांडी, कोयते, गोधड्या, दाढा. मी बाहेर येऊन सरांना म्हणाले, "हे बघा! हे लिहायला पाहिजे!"

"लिही," सर म्हणाले. "पण आत खुर्चीत बाई बसली आहे."

आत कोटावाल्यानं चिमटा उचललेला होता. रूममेटनं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"निरोगी दात निघणार नाही," ती म्हणाली. "तुझ्या कोट्यासाठी तुझा स्वतःचा काढ."

मी तिला इतकी वर्षं ओळखत होते आणि हा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. पुढचे दोन तास तिनं एकेका बाईला आरशात तिची दाढ दाखवली. ज्या बुजवता येत होत्या त्या बुजवल्या, ज्या खरंच संपल्या होत्या त्या काढल्या, आणि चांगल्या दाढेला हात लावायला ठाम नकार दिला. बायका भांडल्या. तीही भांडली. आवाजात कुणी कुणाला ऐकत नव्हतं.

मग ती आली. आमच्याच वयाची, दोन पोरांची आई. उजवीकडे खाली मोठी दाढ, तिला खोल खड्डा. गेल्या हंगामात गाल सुजला होता, गोळ्या खाऊन तिनं ऊस तोडला होता.

"काढ गं बाई."

"ताई, ही वाचते. आतली नस काढायची, औषध भरायचं, वर सिमेंट."

"ताई कुनाला म्हनतीस? मपल्यापेक्षा तूच थोरली दिसतीस."

दिवसातून दोनदा क्रीम लावणाऱ्या माझ्या रूममेटनं मास्क डोळ्यांपर्यंत ओढला. मी इतकी हसले की हातातली बॅटरी हलली.

"दुखायची न्हाई ना पर?"

"नाही."

"उसाच्या फडात?"

"फडात नाही, घरात नाही, कुठेच नाही. माझी जबाबदारी."

"बघ हां. दुखली तर तुझ्या नावानं अशी बोंब ठोकीन, की हितं ऐकू यील."

रूममेटनं ती दाढ उघडली. कॉलेजात अशी दाढ करताना बाजूला मॅडम असतात, एसी असतो, पेशंटचा भाऊ बाहेर बिलाची चौकशी करत असतो. इथे जनरेटर मधेच अडखळायचा, दिवा मंद व्हायचा, ती हात तसाच हवेत धरून थांबायची आणि दिवा आला की पुढे चालू. एकदाही चिडली नाही. नस निघाली, औषध गेलं, वर तात्पुरतं सिमेंट बसलं. मोजे काढताना ती नेहमीचं वाक्य बोलली.

"आठ दिवसांनी या."

"बरं," म्हणून बाई गेली.

सकाळपासून प्रत्येक बाई आम्हाला सांगत होती, 'आमी ऊसतोडीला निघालोय.' पायरीवर बसून मावशीनं व्याख्यान दिलं होतं. मी त्यावर मनात अर्धं पत्रकही लिहून टाकलं होतं. आणि तरी 'आठ दिवसांनी या' हे वाक्य कुणालाही खटकलं नाही. रूममेटला नाही, मला नाही, दारात उभ्या असलेल्या सरांनाही नाही. पाच वर्षांत ते आमच्या तोंडाला इतकं चिकटलंय, की समोरचा माणूस आठ दिवसांनी कुठल्या तालुक्यात असेल हे विचारायचं असतं, असा धडाच कुठे नाही. आमचा अख्खा अभ्यासक्रम हलत नसलेल्या माणसासाठी लिहिलेला आहे.

आठ दिवसांनी आमची गाडी पुन्हा त्याच शाळेत होती. रूममेटनं त्या बाईसाठी हत्यारं वेगळी मांडून ठेवली. दुपार झाली. ती आली नाही. आम्ही दोघी वस्तीवर चालत गेलो. घरांना कुलपं. एका ओट्यावर तिचा सासरा नातवाच्या दप्तराचा बंद शिवत बसला होता.

"गेली की समदी. परवाच ट्रक आलता."

"कुठे?"

"संगमनेरच्या अंगाला. नदीकाठचा कारखाना. पोरगं फोन करतंय अधनंमधनं."

रूममेट ओट्यावरच बसली. ते तात्पुरतं सिमेंट म्हणजे दोन-तीन आठवड्यांची सोय. ते झिजलं, फुटलं, की जंतू थेट मुळाशी. मग गाल सुजणार आणि दाढ जाणार. फडात, डॉक्टर नसताना. आम्ही हात लावला नसता तर तिनं ती काढून घेतली असती आणि मोकळी होऊन गेली असती. 'दुखणार नाही' असं सांगून आम्ही तिला एक उघडी दाढ घेऊन ऊस तोडायला पाठवलं होतं.

परतीच्या गाडीत कोटावाला म्हणाला, "तू सांगितलं होतंस. ती आली नाही. संपली तुझी जबाबदारी."

"संपली कशी? आत औषध माझं आहे."

सासऱ्याकडून घेतलेल्या नंबरावर तिनं तिथूनच फोन लावला. पलीकडे ट्रॅक्टरची घरघर.

"दाढ कशी आहे?" ही ओरडली.

"कुनाची?"

"तुमच्या बायकोची!"

त्यानं पलीकडे कुणालातरी हाक मारून विचारलं. "हाय म्हनती जाग्यावर. वरचं थोडं निघालंय म्हनती. तुमी कोन?"

"मी ती थोरली दिसणारी!"

फोन कट झाला. ती सरांकडे वळली. सर खिडकीबाहेर बघत होते. पुढच्या आठवड्यात आमचा कॅम्प एका शाळेत ठरलेला होता, मुलांचे दात तपासायचा.

"सर, ती शाळा..."

"शाळेशी मी बोलतो," सर म्हणाले. "मुलं मार्चपर्यंत कुठे जात नाहीत. कारखान्याचं तुम्ही बघा."

मी शंभर पत्रकं लिहिली असती तरी कॉलेजातल्या कुणाला 'तुम्ही बघा' म्हणायला लावू शकले नसते. संगमनेर तर रूममेटचं गाव. घरच्या दुधाच्या गाड्या गावोगाव फिरतात. तिनं वडिलांना फोन केला, वडिलांनी कुठल्याशा गोठ्यावर, तिथून पुढे. दुसऱ्या दिवशी टोळीचा पत्ता लागला. टोळीतल्या बायका उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, गोठ्यावर आणून विकत होत्या.

प्रवरेच्या काठाला पोचलो तेव्हा उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे टोळीच्या झोपड्या, रांगेनं उभ्या होत्या आणि आत चिटपाखरू नव्हतं. सगळे फडात. गाडी बांधाच्या रस्त्यावर पाटाच्या कडेला लागली. समोर सपासप आवाज. मधे मुकादम, डोक्याला टॉवेल, कानाला मोबाईल.

"दुपारी ट्रॅक्टर भरल्यावर बघू," तो म्हणाला. "त्याआधी एक बी कोयता सुटायचा न्हाई."

बस, माझी वेळ आली होती. मी सुरुवात केली. कामगाराचा आरोग्याचा हक्क, माणसाला अवजाराच्या नावानं मोजण्याची पद्धत, सगळं. खणखणीत बोलले. पुढच्या सरीतल्या दोन बायका कोयता थांबवून ऐकत होत्या. मुकादमही ऐकत होता, डाव्या गालात काहीतरी चघळत.

"झालं?" त्यानं विचारलं.

"काका," रूममेट मला बाजूला सारत म्हणाली, "उजवीकडनं चावता येत नाही ना?"

तो थांबला. "तुला कुनी सांगितलं?"

"आल्यापासनं सगळं एकाच बाजूनं चाललंय. आ करा बघू. इथेच, उन्हात."

आणि त्या माणसानं फडाच्या मधोमध, आपल्या अख्ख्या टोळीसमोर, आ केला. बायकांत खसखस पिकली. "हाताला बघ बाई, चावंल!" कुणीतरी ओरडलं. उजवीकडच्या वरच्या दाढेचा नुसता सांगाडा उरला होता. त्याला खुर्चीत घेतलं, सुई दिली, दाढ काढली. बाहेर आला तेव्हा कापसाचा बोळा दाबून धरलेला, बोलता येत नव्हतं. त्यानं फडाकडे हात केला आणि बोटानं खूण केली: घेऊन जा.

मुकादमाची दाढ दुखत नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला आणि अजून सोडलेला नाही. बाईच्या औषधपाण्याचा रस्ता मुकादमाच्या तोंडातून जावा, हे मी कधीच कौतुकानं सांगणार नाही. पण कौतुक तिचं आहे. माझ्याजवळ बरोबर असलेली सगळी वाक्यं होती. तिच्याजवळ नजर होती, आणि त्या बाईला दिलेला शब्द होता.

बाई फडातून आली. साडीवर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला फडकं, हातावर उसाच्या पानांचे ओरखडे.

"आलीस व्हय?" ती रूममेटला म्हणाली. "मला वाटलं, बोंब मारल्याबिगर यायची न्हाईस."

सिमेंटचा कोपरा उडालेला होता, पण आत घाण गेली नव्हती. रूममेटनं श्वास सोडला तो मला मास्कमुळे ऐकू आला नाही, तिचे खांदे खाली आले तेव्हा कळला. तिनं खुर्ची मागे पाडली. दिवा लागला. मी थुंकी ओढायची नळी धरली. काम सुरू झालं, आणि थोड्या वेळानं मला एक बारीक आवाज आला. जनरेटर वाटला. नव्हता. बाई घोरत होती.

जबडा सैल पडला, तोंड मिटायला लागलं. मी तिला हलवायला हात उचलला.

"उठवू नको," रूममेट पुटपुटली. "पहाटेपासून उभी आहे ती."

मग तिनं डाव्या हातानं तिची हनुवटी अलगद आधार देऊन उघडी धरली आणि उजव्या हातानं एकेक मूळ साफ करून भरलं. तोंडात हत्यारं असताना कुणी झोपतं, हे कुठल्या पुस्तकात नाही. कॉलेजात एका पेशंटच्या दाढेला तीन जण भिडतात. इथे ती एका हातानं काम करत होती, दुसरा हात उशी झाला होता. मनगट अवघडलं तरी तिनं तो हात काढला नाही. मी बघत राहिले. काचेचं क्लिनिक टाकायला निघालेली ही मुलगी. मिसरी लावणाऱ्या बाईच्या काळ्या हिरडीपासून तिचा चेहरा वीतभर अंतरावर होता.

कॉलेजात परतल्यावर मी दुसरं पत्रक लिहिलं. पहिलं मागे घेतलं नाही. बॅनर अजून मोठाच आहे आणि डबा अजून लहानच. दुसऱ्यात एवढंच मागितलं, की माणसं जिथे जातात तिथे गाडी न्या, आणि आम्हाला खेड्यात कमी नाही, जास्त दिवस पाठवा. बॅचमधल्या अर्ध्यांनी मला वेड्यात काढलं. सरांनी ते विभागाच्या दारावर चिकटवलं.

त्या दिवशी फडात दाढ पक्की बंद झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाई दचकून जागी झाली.

"झालं? काढली?"

"ठेवली."

तिनं जिभेनं चाचपून बघितलं. दोनदा. मग हसली, आणि आरसा मागितला. खाली उतरली, तिथे बाहेर नवरा मोळी बांधत होता. तिनं त्यातलं एक कांडं मोडून घेतलं आणि आमच्या डोळ्यांदेखत उजव्या बाजूला घालून करकचून साल ओढली.

"ए! अगं ए!" रूममेट पायरीवरून किंचाळली. "त्या बाजूनं नको! ती दाढ आता ठिसूळ असते, वर धातूची टोपी बसेपर्यंत फुटेल!"

बाई थांबली. उसाचं कांडं तोंडात तसंच. आमच्याकडे अशी बघायला लागली की सगळा घोटाळा आम्हीच केलाय.

"ऊस खायाचा न्हाई तर मग ठिवलीस कशाला?"

सगळी टोळी हसली, गाल दाबून धरत मुकादमसुद्धा. रूममेट हसता हसता पायरीवर बसली. अवघडलेलं मनगट ती दुसऱ्या हातानं चोळत होती.

"तुम्ही इथं किती दिवस आहात?" तिनं विचारलं. "इथनं पुढे कुठे? गावाला कधी परत? टोपी बसवायला मी येते."

बाईनं कांडं डावीकडे सरकवलं, चघळत विचार केला, आणि सांगायला लागली.